उसने हात

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागून मंचरला डावीकडे वळलं की घोडेगाव लागतं, आणि घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाचं पाणी. या पाण्याच्या काठाकाठाने भीमाशंकरकडे चढत गेलेल्या डोंगरांवर भाताची खाचरं आहेत. पावसाळ्यात सहलीला जाणारे पुणेकर त्यांचे फोटो काढतात. हिरव्या पायऱ्या फोटोत छान येतात. त्या माणसांनी केलेल्या आहेत, हे मात्र बघणाऱ्याच्या फारसं ध्यानात येत नाही. उताराची वरची बाजू खणायची, ती माती खालच्या बाजूला ओढायची, खालच्या कडेला त्याच उतारावरच्या दगडांचा बांध रचायचा आणि पाणी सगळीकडे सारखं उभं राहील इतकी जमीन पातळीत आणायची. होळीनंतर जमीन कडक झालेली असते, आणि मृगाचा पाऊस लागायच्या आत बांध पुरा झाला नाही तर मोकळी केलेली माती ओढ्याला जाते. एका कुटुंबाच्या हातून हे एका उन्हाळ्यात उरकत नाही. म्हणून सगळी वाडी आज एकाच्या उतारावर उतरते, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. आंबेगाव, जुन्नर, खेडच्या पश्चिम पट्ट्यातले महादेव कोळी या रीतीला पडकई म्हणतात.

अशा कामांबद्दलचं हे पुस्तक आहे. काम एकाच्या दारात किंवा एकाच्या रानात, पण हात अनेकांचे. पडकईबरोबर देशावरची इर्जिक इथे आहे, सावड आणि वारंगुळा आहे, मावळातली घरं उभी करण्याची आणि शाकारण्याची रीत आहे, आणि पुणे शहरातली येरवड्याची वस्तीही आहे. प्रस्तावना लिहिणाऱ्याने खरं तर लवकर बाजूला व्हावं. पण या विषयाभोवती इतका गोडवा साचलेला आहे की तो थोडा खरवडून काढल्याशिवाय आत जाण्यात अर्थ नाही. ‘पूर्वी गावात कशी माणुसकी होती’ या वाक्याने सुरू होऊन त्याच वाक्याशी संपणारं लेखन मराठीत पुष्कळ झालं आहे. त्यात आणखी भर नको.

जगात या विषयाचं सर्वांत प्रसिद्ध चित्र अमेरिकेतल्या आमिश लोकांचं आहे. सोळाव्या शतकात युरोपात, प्रौढपणी समजूनउमजून घेतलेला बाप्तिस्माच खरा मानणारे काही ख्रिस्ती पंथ निघाले. त्यांतल्या मेनो सिमन्सच्या अनुयायांना मेनोनाइट म्हणू लागले. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि आल्सासच्या बाजूला याकोब आमान याने अधिक कडक शिस्तीचा आग्रह धरला आणि फूट पडली. त्याच्या बाजूचे ते आमिश. छळाला कंटाळून मेनोनाइट सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि आमिश अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज आमिशांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे आहे आणि त्यांतले बहुतेक अजून घोडागाडी वापरतात. मेनोनाइटांचा आपल्याकडचा संबंधही अगदीच परका नाही: १८९९ मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, त्यांच्या अमेरिकी मिशनने धमतरीला काम सुरू केलं, आणि धमतरी तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होतं.

आमिश शेतकऱ्याचं धान्याचं नि गुरांचं कोठार जळालं, तर काही दिवसांत राखेचा ढीग उपसला जातो, पाया तयार होतो, लाकूड कापून येतं. मग एका ठरलेल्या सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांतून शेकडो माणसं गोळा होतात. खुंट्यांनी सांधलेले भक्कम लाकडी सांगाडे आडवे जोडून ठेवलेले असतात. ते एका सुरात उचलून उभे केले जातात. ज्याचा शब्द चालतो तो मुख्य सुतार खालून ओरडून सांगतो, तरुण पोरं वर तुळयांवर चढतात, मुलं खिळे पुरवतात, बायका पंगतीचा स्वयंपाक करतात. संध्याकाळपर्यंत छप्पर चढलेलं असतं. १९८५ च्या ‘विटनेस’ या हॉलिवूडपटात हे दृश्य आलं आणि जगभर पोचलं. ज्याने तो चित्रपट पाहिला त्याला गोष्ट विसरली तरी ती कोठार उभारणी आठवते.

चित्रपटात दिसत नाही ती बाब अशी, की आमिश लोक सहसा विमा कंपनीचा विमा घेत नाहीत. आपल्या माणसाची जबाबदारी आपल्या मंडळीची, ती कंपनीवर किंवा सरकारवर टाकणं म्हणजे श्रद्धेला उणेपणा, अशी त्यांची धारणा आहे. या धारणेपायी ते अमेरिकी सरकारशी झगडले आणि १९६५ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या सक्तीच्या वर्गणीतून त्यांना कायद्याने सूट मिळाली. म्हणजे ते कोठार हाच त्यांचा विमा आहे. हप्ता पैशात भरायचा नाही, दुसऱ्यांची कोठारं उभी करून भरायचा. जो वर्षानुवर्षं इतरांकडे गेला त्याच्याकडे लोक येतात. हे प्रेमाने होत नाही असं मला म्हणायचं नाही. प्रेम आहेच, पण नुसत्या प्रेमावर तीनशे वर्षं तुळया चढत नाहीत.

हे ध्यानात घेऊन आपल्याकडे पाहिलं की इर्जिकीचा अर्थ नीट लागतो. पाऊस पडून वाफसा आला की पेरणीला मोजके दिवस मिळतात. कोणाचा बैल ऐन वेळी बसतो, कोणाच्या घरात दुखणं येतं, एखाद्या बाईचा धनी गेलेला असतो आणि पोरं लहान असतात. अशाचं रान मागे पडतं, आणि कोरडवाहू मुलखात मागे पडलेलं रान म्हणजे गेलेलं वर्ष. मग इर्जिक घालायची. आदल्या दिवशी सांगावा जायचा, सकाळी गावातली औतं एका रानात उतरायची, हलगी वाजायची, बैलांची नि माणसांची चढाओढ लागायची. दिवस मावळायच्या आत रान उलथून व्हायचं. रात्री धन्याकडे जेवण. ऐपत असेल तर बकरं पडायचं, नसेल तर जे असेल ते. पण जेवणाविना इर्जिक नाही.

सावड त्या मानाने कोरडी. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू, दिवसाला दिवस. दोघांकडे एकेकच बैल असला की दोघांनी मिळून एक औत करायचं, हा वारंगुळा. त्यात हलगीही नाही आणि पंगतही नाही, म्हणून लेखकांनी त्याकडे फारसं पाहिलेलं नाही. खरं तर इर्जिकीपेक्षा या दोन गोष्टींवरच गरीब शेतकऱ्याचं वर्ष निघायचं. इर्जिक अडीनडीची, सावड नेहमीची.

घर बांधण्याची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. मावळात, मुळशीत, भोर-वेल्ह्याच्या बाजूला जुनी घरं कारवीच्या कुडाची. कारव्या तोडून आणायच्या, कूड बांधायचा, तो शेणमातीने लिंपायचा. ही कामं घरची माणसं चार दिवस पुढे-मागे करून उरकत. पण मेढी रोवून त्यांवर आढं चढवायचं म्हणजे एका वेळी वीस-पंचवीस खांदे लागत. मोजमाप सुताराचं, ताकद भावकीची आणि शेजाऱ्यांची. सुतार बलुतेदार होता, त्याचं मोल सुगीला धान्यात मिळायचं. खांदे देणाऱ्यांना त्या दिवशीचं जेवण आणि पुढे कधीतरी तसेच खांदे. आढं बसलं की नारळ फुटायचा. त्यानंतरचे वासे, रिपा, गवत किंवा कौलं ही पुन्हा सवडीची कामं. ज्या टप्प्याला एकट्याने होतच नाही, नेमका तोच टप्पा गावाचा. एरवी ज्याचं त्याने निस्तरायचं. गाव उगीच कोणाच्या घरात राबायला रिकामं बसलेलं नव्हतं.

या देण्याघेण्याची वही कुठे नसते, पण कोण आलं, कोण आलं नाही, कोण उशिरा येऊन जेवायला मात्र पहिल्या पंगतीला बसलं, हे दोन पिढ्या लक्षात राहतं. या पुस्तकातल्या कहाण्या वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या न लिहिलेल्या वहीकडे जात राहिलं. ती जिथे पक्की आहे तिथे रीत टिकलेली दिसते. ती जिथे विस्कटली, तिथे माणुसकी कितीही असो, माणसं येत नाहीत.

आता थोडं कडू बोलायला हवं. गावात फुकट होणारं प्रत्येक काम सावडीचं नव्हतं. वतनदार महारांकडून सरकारी नि गावकीची कामं करून घेतली जात होती, रात्री-अपरात्री सांगावे पोचवून घेतले जात होते, त्याला ना दिवसाला दिवस मिळायचा ना त्यांच्या दारात कोणाचं औत उभं राहायचं. ही वेठ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं ते या बांधिलकीतून माणसं सोडवण्यासाठी. कनिष्ठ वतनं प्रत्यक्षात रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. गावाच्या सहकार्याचं गुणगान करताना या दोन गोष्टींची सरमिसळ सर्रास होते. ओळखण्याची खूण सोपी आहे: फेड उलट्या दिशेने येते का, ते पाहायचं. ज्याच्या घराचं आढं उचलायला गाव गेलं नाही, तो गावाच्या कामाला आला असेल तर ती सावड नव्हे.

बायकांचंही तसंच. इर्जिकीच्या आठवणी सांगणारे बहुतेक पुरुष आहेत आणि त्यांना बकऱ्याची चव नेमकी आठवते. ते शिजवणाऱ्या बायका पहाटेपासून चुलीपुढे होत्या, त्यांचा दिवस कोणाच्या खात्यावर चढला? शेजारणी मदतीला येत, त्यांचीही आपसात फेड चाले. भाकऱ्या बडवायला, डाळी भरडायला, पुढे पापड-कुरडयांना, लग्नाच्या हळदीला. म्हणजे त्यांची स्वतंत्र सावड होती, फक्त ती घरकामात मोजली गेली. पडकईत मात्र बायका बांधावर दगड देतात, माती ओढतात. या पुस्तकातला तो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आणखी एक गोष्ट आमिशांकडून शिकण्यासारखी आहे, पण ती कौतुकाची नाही. जी मंडळी कोठार उभारायला धावून येते, तीच मंडळी नियम मोडणाऱ्याशी जेवणखाण आणि देवघेव तोडते. त्यांच्याकडे या बहिष्काराला धर्माचा आधार आहे. आपल्याकडे वाळीत टाकणं म्हणतात. रायगड जिल्ह्यात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं अलीकडेपर्यंत वर्तमानपत्रांत येत होती: किराणा द्यायचा नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम चालवली, आणि महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला; तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, यात भूषण किती आणि गरज किती हे ज्याने त्याने ठरवावं. आढं चढवणारी गावकी आणि मयताला न जाणारी गावकी ही एकच गावकी आहे. हात देण्याची ताकद जिच्यात असते तिच्यात हात आखडण्याचीही असते. जुनं सगळं परत आणू म्हणणाऱ्यांनी हेही परत आणायचं का, याचं उत्तर आधी द्यावं.

मग काही धरून ठेवण्यासारखं आहे का? आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच सापडतं. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले. खडी फोडायच्या कामावर आलेले शेतकरी त्यांनी पाहिले आणि नायगावला देवस्थानची १६ हेक्टर उजाड जमीन कराराने घेऊन तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचं काम सुरू केलं. १९७४ मध्ये ग्रामगौरव प्रतिष्ठान निघालं आणि त्यातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे नियम वाचण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या संख्येवर मिळणार: माणशी अर्धा एकर, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी आधी स्वतः उभा करायचा.

साळुंख्यांनी जुनी गावकी जशीच्या तशी घेतली नाही. गावकीची जरब त्यांनी लेखी नियमांत उतरवली आणि जे तिच्या वर्तुळाबाहेर होते त्यांना आत घेतलं. ऊसबंदीचा नियम पश्चिम महाराष्ट्राच्या मध्यावर लिहिण्याचं धाडसही लहान नव्हे. ही पद्धत राज्यभर का पसरली नाही याचं बरंचसं उत्तर त्याच नियमात आहे, असं मला वाटतं.

श्रमदानाची कथा निराळी. गाडगेबाबांच्या खराट्यापासून पुढे श्रमदान हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला मोठा शब्द झाला. शाळा, रस्ते, विहिरी, पाझर तलाव त्यावर उभे राहिले. पण दान म्हटलं की फेड संपली. देणारा मोठा होतो, घेणारा कोण हे नीट ठरत नाही, आणि दुसऱ्या वर्षी तीच माणसं येतील याची हमी नाही. हिवरेबाजारात श्रमदान टिकलं, कारण ते एकटं नव्हतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी यांच्याबरोबर पंचसूत्रीतलं ते एक सूत्र होतं आणि ग्रामसभा ते पाळून घेत होती. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने वेगळी युक्ती काढली. २०१६ मध्ये तीन तालुक्यांत सुरू झालेली ही स्पर्धा २०१८ पर्यंत पंचाहत्तर तालुक्यांत गेली. उन्हाळ्यातले पंचेचाळीस दिवस, प्रत्येक कामाला गुण, गावागावांत चुरस. पहिल्या वर्षी सातारा जिल्ह्यातलं वेळू जिंकलं. पहाटे कुदळी घेऊन निघालेली गावं मराठी माणसाने टीव्हीवर पाहिली आणि त्याचा ऊर भरून आला. माझाही आला. इर्जिकीतली चढाओढ आणि मृगाआधीची घाई, या दोन्ही गोष्टी त्या स्पर्धेने अचूक पकडल्या होत्या. गुणांची वही मात्र बाहेरच्यांच्या हातात होती. स्पर्धा थांबल्यावर कोणत्या गावाने स्वतःची वही सुरू केली, हा खरा शोधाचा विषय आहे आणि त्यावर कोणीतरी सावकाश काम करायला हवं.

पडकईकडे परत येतो, कारण तिथे एक अवघड प्रश्न प्रत्यक्ष सोडवला गेला. डिंभे धरणात खालची सपाट शेतं गेली. लोक वर उतारांवर सरकले, तिथे खाचरं नव्हती, ती करायला हवी होती, आणि हातात खायला नव्हतं. कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने इथे आदिवासींबरोबर काम करताना आग्रह धरला की पडकई रोजगार हमीत बसवा. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, देशाच्या २००५ च्या कायद्याच्या कितीतरी आधीचा. पण त्यात सार्वजनिक कामांची कल्पना म्हणजे रस्ता आणि खडी. एकाच्या खासगी उतारावर वाडीने केलेलं काम त्या चौकटीत बसत नव्हतं. ते बसवून घेण्यासाठी पाठपुरावा करावा लागला. पुढे कृषी खात्याने पडकई हे नावच आपल्या योजनेला दिलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: मजुरी दिली की पडकई राहिली कुठे? पैसा आला की आपलेपणा गेला. हा आक्षेप पोट भरलेल्या माणसाचा आहे. ज्याच्या घरात संध्याकाळचे तांदूळ नाहीत तो फुकट दिवस कसा देईल? जुन्या पडकईतून असा माणूस आपोआप गळत होता, आणि ज्याचं घर मोठं, ज्याला जेवण घालता येत होतं, त्याचं खाचर आधी होत होतं. मजुरीने तो जुना अन्याय थोडा तरी सरळ केला. मजुरी सरकारची असली तरी आज कोणाच्या उतारावर जायचं हे वाडीने बसून ठरवायचं, एवढं एक शाबूत राहिलं की पुरे. हजेरीपटावर ते बसत नाही म्हणून ते बंद पडलं, तर मात्र गेलंच म्हणायचं.

आणि पुणं? शहरात हे कसलं शोधता, असं कोणीही विचारेल. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आदल्या रात्री जवानांनी धरणावर वाळूची पोती रचली होती म्हणून पाणी दिवसा आलं आणि हजारो जीव वाचले. घरं मात्र गेली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर हे भाग आजच्यासारखे झाले त्यात पूरग्रस्तांच्या वसाहतींचा वाटा मोठा. वाड्यात एका हौदावर भांडणारी कुटुंबं सहकारी सोसायटीची सभासद झाली. पुण्याने उसन्या हातांना दिलेलं रूप हे असं: भाग, ठराव, इतिवृत्त. सोसायटीच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही, मग ती अर्धा तास तहकूब करून त्याच जागी गणपूर्तीशिवाय भरवतात, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला वाडीने बसून ठरवणं किती कठीण असेल याची कल्पना येईल.

पण याच शहरात येरवडाही आहे. केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानात शहरी गरिबांच्या घरांची योजना आली, तेव्हा बहुतेक शहरांनी वस्त्या पाडून बाहेर कुठेतरी उंच इमारती बांधल्या. येरवड्यात २००९ च्या सुमाराला वेगळा प्रयोग झाला. १९८० च्या दशकात मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांतून उभी राहिलेली ‘महिला मिलन’, तिच्याबरोबरची ‘स्पार्क’ ही संस्था आणि पुण्याचे वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी ठरवलं, की वस्ती हलवायची नाही. पक्की घरं राहू द्यायची. जी कच्ची आहेत तेवढीच, त्याच जागेवर, त्याच गल्लीत, त्याच शेजाऱ्यांमध्ये पुन्हा बांधायची. घर २७० चौरस फुटांचं, खर्च तीन लाखांच्या आसपास. त्यातला दहावा हिस्सा कुटुंबाने घालायचा, बाकी केंद्र, राज्य आणि महापालिका यांनी.

घरोघर फिरून मोजणी करण्यात वस्तीतल्याच बायका होत्या. नकाशा वाचता येत नाही म्हणून खऱ्या मापाची कापडी घरं उभारली गेली, त्यांत शिरून लोकांनी चूल कुठे, मोरी कुठे, जिना कसा, हे सांगितलं. ज्यांची जागा २७० चौरस फुटांना पुरत नव्हती त्यांतल्या काही शेजाऱ्यांनी जागा एकत्र करून, एकमेकांच्या वर-खाली घरं घेतली. हे लिहायला एक ओळ लागते. खालचा मजला कोणाला आणि वरचा कोणाला, पाण्याची टाकी कुठे, दार कोणत्या बाजूला, यासाठी किती रात्री बैठका झाल्या असतील ते वाचकाने स्वतःच्या भावकीतली एखादी वाटणी आठवून समजून घ्यावं. प्रयोगात सामील असलेल्या वस्त्यांत एक वडार वस्तीही होती. या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडून दुसऱ्यांची घरं उभी केली.

विटा रचायला तिथे अर्थातच गवंडी होते, कंत्राट होतं, बिलं होती. आमिशांसारखं एका दिवसात काही झालं नाही. कित्येक घरांना महिने लागले आणि लोक तोवर शेजारी-पाजारी, भाड्याने राहिले. तरी मी येरवड्याला या पुस्तकात मानाची जागा दिली असती, आणि संपादकांनी ती दिली आहे. मेनोनाइटांनी १९५० मध्ये कॅन्ससमध्ये आपत्ती निवारणाची संघटना काढली, तेव्हा त्यांनीही असंच काहीसं केलं होतं: कोठार उभारणीची सवय घेतली, तिला कार्यालय, हिशेब आणि स्वयंसेवकांच्या तुकड्या दिल्या, आणि आपल्या पंथाबाहेरच्या पूरग्रस्तांची, वादळग्रस्तांची घरं बांधायला ते बाहेर पडले.

इथल्या कहाण्या बहुतेक तोंडी सांगितलेल्या आहेत आणि सांगणारे आता ऐंशीच्या घरात आहेत. वाचकांना विनंती आहे ती यासाठी. उन्हाळ्यात गावी जाल तेव्हा घरातल्या थोरल्यांना विचारा: आपल्या घराचं आढं चढवायला कोण कोण आलं होतं, त्यांच्याकडे आपल्यातलं कोण गेलं, त्या दिवशी स्वयंपाक कोणी केला, आणि कोणाला बोलावलंच नव्हतं. शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं उत्तर आपण होऊन कोणी देत नाही. जे सांगतील ते नावगावासह, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या.